तिसऱ्या वावेचं पाणी

१

शुक्रवारी सकाळी सहाच्या आत मी आखातातल्या सहमच्या धक्क्यावर असतो. पगार मिळतो तो बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळण्याचा. हे काम मात्र फुकटचं, आणि ते माझ्या गळ्यात मारलं कासमने.

कासम रत्नागिरीकडचा. इथल्या बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. मी देवगडचा. देश सोडून अठरा-वीस वर्षं झाली तरी दोघांचा मासे मारायचा नाद सुटला नव्हता. आमच्यासारखेच लायसन्सवाले पंधरा-वीस हौशी जमवून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जुम्मा फिशिंग’ नावाचा ग्रुप काढला आणि मला म्हणाला, “रमण, तू टेंपरेचरवाला माणूस. पाणी बघायचं काम तुझं.”

काम साधं. धक्क्याच्या टोकाला जायचं. शिसं बांधलेली बाटली दोराने खाली सोडायची. बाटलीच्या बुचाला वेगळी बारीक दोरी असते, तिला झटका दिला की बूच निघतं आणि त्या खोलीचं पाणी बाटलीत भरतं. वर ओढून त्यात थर्मामीटर घालायचा. एकदा वरचं पाणी, एकदा तिसऱ्या वावेचं. मग ग्रुपवर बोलून टाकायचं: “वरचं सत्तावीस, तिसऱ्या वावेचं पंचवीस, वारा मंद, जा खुशाल.”

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्याच्या बोटांपर्यंतचं अंतर. आमच्याकडे पाण्याची खोली अजून तशीच मोजतात. दोराला दर वावेवर गाठ असते. या दोराच्या पाचही गाठी कासमने स्वतःच्या हातांवर मोजून मारल्या होत्या. तो चांगला उंचपुरा होता. माझ्या हातांनी मोजलं तर त्याच्या वावेला मी वीतभर कमी पडतो. यावरून तो मला ग्रुपवर छळायचा. चौथी गाठ ओलांडली की शिसं तळाला टेकायचं, म्हणून पाचवी गाठ कधी भिजायची नाही.

हे सगळं करायचं ते मे-जूनसाठी. उन्हाळा सुरू झाला की वरचं पाणी तापतं, पण खाली गार पाणी दबा धरून असतं. एखाद्या दिवशी ते न सांगता वर चढतं. मग मासा जागा सोडतो, आणि गार पाण्यावर दमट गरम हवा आली की समुद्रावर असं धुकं बसतं की होडीत बसलेल्याला स्वतःचं इंजिन दिसत नाही. म्हणून कासमचा नियम होता. वरच्या आणि तिसऱ्या वावेच्या पाण्यात पाच डिग्रीचा फरक पडला, तर होडी काढायची नाही. मग कुणी कितीही शहाणा असो.

२

आता जे सांगायचं ते.

आमच्या धंद्यात लॉगशीट नावाचा एक कागद असतो. दर दोन तासांनी कोल्डरूमचं तापमान बघून त्यावर लिहायचं. जगातला एकही मेकॅनिक दर दोन तासांनी उठून ते बघत नाही. शिफ्ट सुटताना सगळे रकाने एकदम भरतात. उणे अठरा, उणे अठरा, एखादा उणे सतरा, म्हणजे खरं वाटावं. मी वीस वर्षं हेच करत आलो. यात कुणाचं काही बिघडत नाही, मासळी गोठलेलीच असते.

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी रात्रपाळीला कॉम्प्रेसरने तेल टाकलं. घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. अंथरुणावर पाठ टेकतोय तोच अलार्म वाजला. मंगला, माझी बायको, म्हणाली, “निजा वायच. रात्रभर जागलात.”

मी पडल्या पडल्या फोन तोंडाजवळ घेतला आणि बोललो, “वरचं सव्वीस, तिसऱ्या वावेचं पंचवीस, वारा मंद. जा खुशाल.” मागच्या शुक्रवारचे आकडे. खरं वाटावं म्हणून त्यात एक डिग्री इकडची तिकडे केली. फोन उशीखाली सारला आणि झोपलो.

बाकीच्यांना त्या दिवशी कुठे ना कुठे जायचं होतं. कासम एकटाच गेला. सात वाजता धुकं बसलं. जुन्या अरबी मच्छीमारांनी नंतर सांगितलं, की पाणी पहाटेच फिरलं होतं. पाय घातला असता तरी कळलं असतं. दोन दिवसांनी होडी सापडली, बाजूने फुटलेली. कासम सापडलाच नाही.

शोधायला जे गेले त्यांत मी सगळ्यात पुढे होतो. आमिनाने, त्याच्या बायकोने, सगळ्यांदेखत माझे आभार मानले. “रमणभाईंनी पाणी नीट बघून सांगितलं होतं,” ती म्हणाली, “पुढे अल्लाची मर्जी.” मी मान खाली घालून उभा राहिलो. लोकांना वाटलं, दुःखाने. मंगला माझ्या शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्यानंतर त्या सकाळबद्दल घरात आम्ही कधी बोललो नाही.

३

वर्षभर ग्रुप बंद होता. या वर्षी मे लागला तसा कासमचा धाकटा भाऊ अमीन, जो आता दुकान बघतो, त्याने तो पुन्हा सुरू केला. मेसेज आला, “रमणभाई, पाणी तुम्हीच बघायचं. भाईजानचं काम चालू राहिलं पाहिजे.” नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी मी साडेपाचलाच धक्क्यावर गेलो. समुद्र तेलासारखा शांत होता. वरचं पाणी सत्तावीस. मग तिसऱ्या गाठीपर्यंत बाटली सोडली, झटका दिला, वर ओढली. बाटली हातात घेतली आणि बोटं आखडली. अठरा डिग्री.

मेच्या सुरुवातीला इथे पंचवीस असतं. फार तर बावीस. मी पुन्हा सोडली. अठरा. ग्रुपवर सांगितलं, “अजिबात जाऊ नका.”

तीन होड्या तरीही गेल्या. एका होडीवर नवं मशीन होतं, खोलीचं तापमान पडद्यावर दाखवणारं. अमीन त्याच होडीत होता. मशीन दिवसभर पंचवीस दाखवत राहिलं, ऊन लख्ख होतं, आणि सगळे दुपारी सुरमई घेऊन परतले. संध्याकाळपर्यंत माझी यथेच्छ टिंगल झाली. “रमणभाई, बाटली फ्रीजमधून काढून आणता काय?”

मी टेंपरेचरवाला माणूस. कारखान्यात जाऊन थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरला. शून्य. उकळत्या पाण्यात धरला. शंभर. थर्मामीटर ठीक होता. मग बाटलीत गडबड असेल, म्हणून बाटली बदलली. दुसऱ्या शुक्रवारी तिसऱ्या वावेचं पाणी सोळा निघालं, आणि चौथी गाठ पाण्यात गेली तरी शिसं तळाला टेकलं नाही. पाचवी गेली. दोर हातातून सरकत राहिला. शेवटी माझ्या तळव्याला आणखी एक गाठ लागली.

मी सगळा दोर वर ओढला, ग्रुपवर ‘जाऊ नका’ एवढंच बोललो, दोर तसाच ओला पिशवीत कोंबला आणि घरी आलो. हॉलमध्ये सोफा सरकवून तो लादीवर सरळ पसरला. सहा गाठी होत्या. मंगला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“ह्यो दोर आधी पाच गाठींचो होतो ना?” मी विचारलं.

“तुमीच मारलेली असतली,” ती म्हणाली. “ध्यानात नसात.”

हे मलाही पटण्यासारखं होतं. हल्ली माझ्या लक्षात काही राहत नाही. रात्री झोप नसते. मी स्वतःला समजावलं, की वर्षभर दोर घरातच पडून होता, कधीतरी मारली असेल. पण हात थांबेनात. मी दोर छातीशी धरून बाटलीकडच्या टोकापासून हात पसरले. पहिल्या पाच वावा माझ्या हातांपेक्षा वीतभर लांब निघाल्या, त्या कासमच्याच. मला वाटलं, सहावीही तशीच असणार. तशी असती तर भीती वाटली असती, पण समजली तरी असती. मेलेला माणूस आपला हिशेब मागायला येतो, असं लहानपणापासून ऐकलेलं.

सहावी वाव माझ्या हातांत बरोब्बर बसली. इकडच्या बोटापासून तिकडच्या बोटापर्यंत, तसूभर कमी नाही की जास्त नाही.

“दोर ओलो आसा,” मंगला म्हणाली, “लादी खराब होतली.” आणि आत जाऊन तिने एक्झॉस्ट फॅन लावला. हवा कोंदली नव्हती, पण आवाज तरी झाला.

४

बुधवारी संध्याकाळी आमिनाभाभी आणि अमीन घरी आले. भाभी आता बुरख्याखाली अगदी लहान दिसतात. अमीन सव्वीस वर्षांचा, उत्साहाने फसफसणारा. कासमची फुटलेली होडी त्याने दुरुस्त करून घेतली होती. नवं इंजिन, आणि ते पडद्याचं मशीनही. या शुक्रवारी तो ती घेऊन एकटा जाणार होता.

“भाईजान गेले तिथपर्यंत जाऊन यायचं,” तो म्हणाला. “तिथे त्यांच्यासाठी फातिहा वाचणार, गळ टाकणार आणि येणार. बस.”

“मी नको म्हटलं,” भाभी म्हणाल्या. “ऐकत नाही. मग म्हटलं, जा, पण रमणभाईंनी पाणी बघितल्याशिवाय नाही. तुमच्या शब्दावर जाईल तो.”

“भाभी,” मी म्हणालो, आणि थांबलो.

मंगला चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने तो टीपॉयवर ठेवला, आणि ठेवताना माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्षभरात तिने एकदाही पाहिलं नव्हतं. मी चहाचा कप उचलला. त्या एका नजरेवर मी माझं सगळं ओझं टाकून मोकळा झालो, हे खरं आहे. बायको नको म्हणाली म्हणून मी गप्प बसलो, असं स्वतःला सांगायची सोय झाली.

ते दोघं गेल्यावर ती म्हणाली, “आता बोलान काय होतला? तो परत येवचो नाय. तिच्या जीवाक मात्र घोर लागतलो.”

“आणि अमीन?”

“अमीनाक खरा सांगा. पाणी बघा आणि खरा काय ता सांगा. इतक्याच आपल्या हातात आसा.”

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी रात्री पडल्या पडल्या तेच घोकत राहिलो. या वेळी जाईन, मोजीन, जे असेल ते सांगेन. एका जागेवर माझ्या हातून एक माणूस गेला, त्याच जागेवर दुसऱ्याला वाचवायची संधी मिळते आहे, एवढं भाग्य कुणाला मिळतं. मी गाढ झोपलो, कितीतरी महिन्यांनी.

५

शुक्रवारी पावणेसहाला लख्ख उजाडलेलं होतं. इथे सूर्य समुद्रातूनच वर येतो, त्यामुळे लपायला काही राहत नाही. धक्क्याच्या अलीकडे, होड्या उतरवायच्या उताराशी, अमीनची होडी पाण्यात होती. आमिनाभाभी काठावर थर्मास घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना लांबूनच हात केला आणि टोकाकडे चालत गेलो. दोनशे पावलं असतील.

टोकाला कुणी नव्हतं. पाणी नितळ होतं. वरचं सत्तावीस.

मी बाटली सोडली. एक गाठ. दोन. तिसरी गाठ पाण्याला टेकली तसा मी दोर धरून थांबलो आणि बुचाला झटका दिला.

दोर माझ्या हातातून खाली ओढला गेला.

हिसका नव्हता. मासा लागला की दोर कसा थरथरतो ते मला कळतं, हे तसं नव्हतं. दोर सरकला, थांबला. सरकला, थांबला. दर वेळी तेवढाच. मी मूर्खासारखा तो देत राहिलो, कारण ही लय माझ्या ओळखीची होती. दुकानात दोर विकताना कासम असाच मोजायचा. हात पसरायचा, दोर ताणायचा, हात जवळ आणायचा, पुन्हा पसरायचा. खाली कुणीतरी दोर मोजून घेत होतं.

मी म्हणालो, “कासम?” मोठ्याने म्हणालो. आणि कठड्यावरून वाकून पाहिलं.

हिरव्या पाण्यात खूप खाली दोन हात पसरलेले होते. हातांवर निळ्या बाह्या होत्या, आमच्या कारखान्याच्या युनिफॉर्मच्या. ते जवळ आले, पसरले, जवळ आले. चेहरा दिसत नव्हता, कारण तो खाली मान घालून मन लावून मोजत होता. दिसत होतं ते वरून डोकं. विरळ केस आणि मधे टक्कल पडत चाललेली वाटोळी जागा. ती जागा मी ओळखतो. न्हावी केस कापून झाल्यावर मागे आरसा धरतो, तेव्हाच मला ती दिसते.

तो मान वर करायला लागला, तसा मी दोर सोडून दिला आणि पळालो.

६

दोनशे पावलं पळत आल्यावर पन्नाशीच्या माणसाला बोलता येत नाही. अमीनने इंजिन चालू केलं होतं. मी नुसता हात हलवत राहिलो.

“काय झालं, रमणभाई? किती आहे पाणी?”

“जाऊ नकोस.”

“आकडा सांगा की.”

आकडा नव्हता. बाटली खालीच राहिली होती. मी म्हणालो, “सोळा. त्याच्याही खाली असेल. जाऊ नको, अमीन, हात जोडतो.”

त्याने होडीतला पडदा माझ्याकडे वळवला. पंचवीस पॉइंट दोन. तो हसला, पण प्रेमाने. “दोन शुक्रवार तुम्ही नको नको म्हणताय आणि लोक टोपल्या भरून आणतायत. भाईजानमुळे तुम्ही घाबरलाय. मला समजतं.”

“तुला काही समजत नाही,” मी ओरडलो. आणि मग जे वर्षभर घशात अडकलं होतं ते एका दमात बाहेर पडलं. “त्या दिवशी मी इथे आलोच नव्हतो. अंथरुणात पडून आकडा सांगितला. जुना आकडा. पाणी बघितलंच नव्हतं. कासम माझ्यामुळे गेला. आता तरी माझं ऐक.”

इंजिन संथ आवाजात चालू होतं. अमीनच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मी आमिनाभाभींकडे पाहिलं नाही, हिंमतच झाली नाही. आता त्या मला मारतील, शिव्या देतील असं वाटलं, आणि खरं सांगतो, तसं झालं तर बरं असंही वाटलं.

“खोटं कशाला बोलता, रमणभाई?” भाभी म्हणाल्या.

त्या अगदी शांत होत्या. “अमीनला थांबवायला स्वतःवर घेताय. पण असं खोटं नका बोलू. मला त्यांचा फोन आला होता त्या सकाळी. होडीतून. मी कुणाला सांगितलं नाही, शेवटचा फोन होता, माझा माझ्यापाशी ठेवला. ते म्हणाले, रमण धक्क्याच्या टोकाला उभा आहे, ड्युटीच्या कपड्यांतच आलाय बिचारा. दोर सोडतोय. मी त्याला हात केला, त्यानेही हात करून जा म्हटलं. तो आहे ना तिथे, मग मी बेफिकीर.”

मी म्हणालो, “भाभी, तो मी नव्हतो.”

“मग कोण होतं?”

अमीनने दोघांकडे पाहिलं. त्याचा आवाज बदलला होता. “तुम्ही होता, तर तेव्हा तुमचा आकडा चुकला. नव्हता, तर त्याहून वाईट. दोन्हीकडून आज मला तुमच्या आकड्याची काय गरज आहे, सांगा.” त्याने दोरी सोडवली. “भाभी, यांना घरी पोचवा. खलास.”

मी पाण्यात उतरलो. होडीची कड धरायला गेलो, पण ती सुटली होती. घोट्याला पाणी कोमट लागत होतं. मी हाका मारत राहिलो, पण नव्या इंजिनाचा आवाज मोठा असतो.

धक्क्याच्या टोकाजवळ पोचल्यावर होडी जरा मंदावली. अमीनने मान वळवली. मला वाटलं, ऐकू गेलं, परत येतोय. तो आमच्याकडे बघत नव्हता. तो धक्क्याच्या टोकाकडे वर बघत होता, जिथून मी नुकताच पळत आलो होतो. कपाळावर हात धरून त्याने नीट पाहिलं. मग मान डोलावली, जशी परवानगी मिळाल्यावर माणूस डोलावतो. हात वर करून हलवला, आणि होडी वेगात बाहेर नेली.

मी टोकाकडे पाहिलं नाही. आमिनाभाभींनी पाहिलं. त्या बराच वेळ तिकडेच पाहत राहिल्या. मग त्यांनी न बघताच हात लांबवून माझी बाही चाचपली, आणि मी खरोखर त्यांच्या शेजारी उभा आहे याची खात्री होईपर्यंत ती मुठीत धरून ठेवली.